दोन मनगटांच्या मधला मी

इकडे बघा, खिडकीकडे. पडद्याला कमरेशी आवळून धरलंय ना, तो मी बोलतोय. दोन बोटं रुंद, चार फूट लांब, एके काळी गडद निळा, आता धड निळाही नाही आणि धड राखाडीही नाही, असा पट्टा. पडदा बांधायचं काम मला शोभत नाही, हे मलाही कळतं. पण माझं मूळचं काम दुसरीनं नेलं. कुणी नेलं ते सांगतोच, आणि आधीच कबूल करून टाकतो की सांगताना माझा जळफळाट होणार आहे. तेवढा सोसून घ्या.

माझा जन्म एका प्रवासी बॅगेवर झाला. खांद्याला अडकवायचा पट्टा होतो मी. बॅगेची चेन बिघडली आणि आम्ही दोघं माळ्यावर गेलो. तिथंच कुजलो असतो, पण एक दिवस या घरातली बेबी हरवली आणि माझं नशीब फळफळलं.

बेबी म्हणजे या घरची एकुलती एक मुलगी. तेव्हा पाच वर्षांची होती. चालायला उशीर, बोलायला उशीर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिची वाढ हिच्या गतीनं होईल, घाई करू नका. त्या दिवशी बाजारात आईच्या हातातून तिचा हात सुटला. तीन तास आई वेड्यासारखी फिरली. शेवटी बेबी एका चपलांच्या दुकानात सापडली. मागच्या बाजूला बसून रिकाम्या खोक्यांना झाकणं लावत होती. तिला काहीच झालं नव्हतं. जे व्हायचं ते आईला झालं होतं.

घरी आल्याआल्या आईनं स्टूल ओढलं, माळा उघडला, कात्री घेतली आणि मला बॅगेपासून कापून काढलं. एका टोकाला स्वतःचा हात जाईल एवढं कडं शिवलं. दुसरं टोक मोकळं ठेवलं, कारण बेबीचं मनगट वाढणार होतं, तिथं गाठच बरी. गाठ तरी कसली! दोनदा फिरवायची, खालून काढायची आणि शेपूट आत खोचून टाकायची.

"माणसाला बांधतेस?" बेबीचे वडील म्हणाले.

"तुम्ही आला होतात का शोधायला?" आई म्हणाली.

पुढं चार वर्षांनी वडील आजारपणात गेले, तोवर या विषयावर पुन्हा बोलले नाहीत.

मग काय विचारता! बाहेर पडायचं म्हणजे मी हवाच. दवाखाना, दुकान, बाग, कुणाचं लग्न, कुणाचं मरण. एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला बेबी आणि मधे मी. मला एक झटका म्हणजे थांब, दोन झटके म्हणजे चल. तोंडानं बोलायची गरजच नव्हती. बेबी घाबरली की अंगठ्यानं माझं टोक चोळायची. टोक चोळून चोळून मऊ झालं, त्याचे धागे निघाले, पण मी हूं की चूं केलं नाही. घरी आलं की ती माझ्या घड्या घालायची. बरोबर आठ. कडेला कड जुळवून, वर हात फिरवून. बेबीला घड्या घालायचं वेडच होतं. रुमाल, टॉवेल, कागद, काहीही द्या. पण सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत नीट घडी माझी.

मधे शाळा आली. अशा मुलांची वेगळी शाळा होती, तिथल्या बाई दारातच म्हणायच्या, "पट्टा इथं खुंटीला." तेव्हा मी दिवसभर खुंटीला लटकून त्या बाईंच्या नावानं बोटं मोडायचो. पण संध्याकाळी बेबी माझीच असायची, म्हणून चालवून घेतलं. अठरा वर्षं पूर्ण झाली आणि शाळा संपली. "आता पुढं?" आईनं विचारलं. पुढचं कुणालाच माहीत नव्हतं. मग बेबी घरीच. नऊ वर्षं. खिडकीत बसायची, घड्या घालायची, आणि संध्याकाळी आम्ही तिघं कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचो. तुम्ही म्हणाल, काय हे आयुष्य! माझ्या दृष्टीनं विचाराल तर ती माझी सोन्याची वर्षं होती. मधे कुणी लुडबुडायला नव्हतं.

दृष्ट लागली म्हणायची. एका सकाळी आई न्हाणीघरात घसरली. उजवं मनगट मोडलं, नेमकं माझं कडं जिथं बसायचं तेच. आईला शुद्ध नव्हती. बेबीनं कपाटातले सगळे टॉवेल आणले, एकेक उलगडून आईच्या अंगावर घातला आणि शेजारी बसून राहिली. कुणाला बोलवायचं, कसं बोलवायचं, ते तिला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. दुपारी शेजारच्या काकू भांडं परत द्यायला आल्या, दार कुणी उघडेना, म्हणून त्यांनी आरडाओरडा केला. तेव्हा कुठं आई दवाखान्यात पोचली.

दवाखान्यात आईचं रडणं एकच. "आज मी वाचले. उद्या नाही वाचले तर हिचं काय?" प्लॅस्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी ते ऐकलं आणि एका संस्थेचा नंबर दिला. बेबीसारख्या मोठ्या माणसांना त्यांच्या घरी येऊन, त्यांच्या गल्लीत, त्यांच्या बसमध्ये मदत करणारी संस्था. आणि तिथून ती आली.

ताई.

सगळे तिला ताईच म्हणतात, मीही म्हणतो, नाइलाजानं. तिशीची असेल. पायात खेळाचे बूट, पाठीला सॅक. दारात आली, आईला नमस्कार केला आणि आईकडे पाठ करून सरळ बेबीसमोर खाली बसली.

"तुझं नाव काय?"

"हिला बेबी म्हणतात," आई म्हणाली.

"काकू, तिला सांगू दे ना."

आणि थांबली. थांबली म्हणजे किती? पंख्याखालचं वर्तमानपत्र फडफडत होतं तेवढंच ऐकू येत होतं. मी मनातल्या मनात म्हटलं, बस आता संध्याकाळपर्यंत! दहापर्यंत आकडे मोजून झाले असतील, तेव्हा बेबीनं तोंड उघडलं आणि आपलं खरं, शाळेच्या दाखल्यावरचं नाव सांगितलं. ताई त्या दिवसापासून तिला त्याच नावानं हाक मारते. मी ते नाव तुम्हाला सांगणार नाही. ताईनं उष्टं केलेलं नाव माझ्या तोंडात यायचं नाही.

बावीस वर्षं मी या मुलीच्या मनगटावर होतो, पण मीसुद्धा तिचं उत्तर यायची वाट कधी पाहिली नव्हती. आई बोलायची, बेबी मान हलवायची, मी झटके पोचवायचो. आणि ही काल आलेली बाई दहा आकडे मोजून जिंकून गेली! अंगाचा तिळपापड झाला माझा.

"तुला काय आवडतं?" ताईनं विचारलं.

पुन्हा दहा आकडे. मला खात्री होती, माझं नाव घेणार.

"घड्या," बेबी म्हणाली.

ताईनं ते मनावर घेतलं. महिन्याभरात बातमी आणली. आईला प्लॅस्टर घातलं त्याच मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखान्यात टॉवेल आणि चादरी घडी करायला माणूस हवं होतं. बेबीला तिथं नेलं. मी ताईच्या सॅकमध्ये होतो, आईनं मला कोंबलं होतं. धुलाईखान्याच्या मुकादमबाई मोठ्या आवाजाच्या होत्या. त्यांनी बेबीसमोर गरम टॉवेलांचा ढीग ओतला. बेबीनं तासाभरात भिंत उभी केली. एकाही टॉवेलची कड बाहेर नाही.

"काम फर्मास आहे," मुकादमबाई म्हणाल्या. "पण एक सांगते. तीन महिने बघणार. रोज नऊच्या ठोक्याला, स्वतःची स्वतः आली पाहिजे. रोज कुणीतरी सोडायला, कुणीतरी न्यायला, असं मला नाही चालणार. इथं सगळ्यांना एकच नियम."

आईचा चेहरा उतरला. "एकटी? बसनं? छे! शक्यच नाही."

"काकू, तीन महिने आहेत," ताई म्हणाली.

आईचं मनगट अजून प्लॅस्टरमध्ये होतं, माझं कडं त्यावर बसतच नव्हतं. ताईनं मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. फेकून देईल असं वाटलं होतं. दिलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. ती बेबीला म्हणाली, "हा हवा असेल तर ठेव पिशवीत. तुझा आहे." म्हणजे दयेवर! मला ठेवायची परवानगी ताई देणार!

ताईची शिकवायची तऱ्हा उफराटी होती. कुणीही शहाणा माणूस घरापासून सुरुवात करेल की नाही? ही शेवटापासून करायची. पहिले काही दिवस सगळा रस्ता ताई बरोबर, पण बस थांब्यापासून धुलाईखान्याच्या फाटकापर्यंत बेबी पुढं आणि ताई दोन पावलं मागं. ते जमलं की मग बसमधून उतरणं. ते जमलं की बसमध्ये चढणं. असं शेंड्याकडून बुडख्याकडे. "म्हणजे रोज ती पोचते," ताई आईला सांगायची. "रोज शेवट तिच्या हातचा."

आणि ताई स्वतः? आधी शेजारच्या सीटवर, मग मागच्या सीटवर, मग बसच्या दुसऱ्या टोकाला. दिवसागणिक लांब. मला वाटायचं, बघा, कशी टाळते! माया असती तर चिकटून बसली असती, माझ्यासारखी.

पिशवीला एक कडी होती, तिच्यात पाच चित्रांची कार्डं. घराचं दार, बसचा थांबा, बसचा नंबर, मासा आणि दवाखान्याचं फाटक. पाचव्या कार्डाच्या मागे ताईचा फोन नंबर. "हरवलीस तर गणवेशवाल्याला हे दाखव." ही पाच कार्डं दिवसभर खुळखुळायची आणि बेबी येताजाता त्यांना हात लावायची. मी पिशवीच्या तळाशी, डब्याखाली. पिशवीला तोंड असतं तर मी तिच्याशीही भांडलो असतो.

मासा काय, ते सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यावरून घडलं. दवाखान्याच्या थांब्याआधी एका इमारतीच्या भिंतीवर दोन मजले उंच निळा मासा रंगवलेला होता. मासे विकणाऱ्या दुकानाची जाहिरात. बेबीला तो इतका आवडला की दिसला की टाळीच वाजवायची. "मासा आला!" ताईला वाटलं, यापेक्षा चांगली खूण कुठली! मासा आला की घंटा दाबायची, उतरायचं. मला कुणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, हा मासा मला धड वाटत नाही. पण खरं सांगू? मला तो धड न वाटण्याचं कारण एवढंच, की बेबीनं माझ्यासाठी कधी टाळी वाजवली नव्हती.

अडीच महिने झाले. बेबी एकटी जाऊ लागली. पहिले चार दिवस आई थांब्यावर उभी राहून बस दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. पाचव्या दिवसापासून खिडकीतून. सहाव्या दिवशी मुकादमबाईंचा फोन आला, की हिनं आज दोन मिनिटं आधी हजेरी लावली. आई हसली आणि ताईला म्हणाली, "अगं, बस ना, चहा घे." अगं! कालपर्यंत "अहो बाई" होती. माझ्या पोटात कसं दुखलं ते मलाच ठाऊक.

मग तो दिवस उजाडला. तीन महिने पुरे व्हायला नऊ दिवस होते. बस नेहमीची, सीट नेहमीची. बेबी खिडकीला नाक लावून बसली होती. पूल गेला. वळण गेलं. आणि जिथं मासा यायचा तिथं पांढरीफटक भिंत आली. वर परांची बांधून दोन रंगारी रोलर फिरवत होते. माशाची फक्त शेपटी उरली होती, तीही कोपऱ्यात, परांचीच्या मागे.

बेबी माशाची वाट बघत बसली. थांबा आला, गेला. माणसं उतरली, चढली. बेबीनं कार्ड काढलं, माशावर बोट ठेवलं, बाहेर पाहिलं. मासा नाही. मग पुढचा थांबा, त्याच्या पुढचा. बस रिकामी होत गेली आणि शेवटी डेपोत जाऊन उभी राहिली. चालकानं इंजिन बंद केलं.

"उतरा बाई, शेवट आला."

बेबी उतरली. साडेनऊ वाजून गेले असतील. डेपो उन्हानं भरलेला, चहूकडे बसच बस, माणसं धावतायत. तिनं पिशवीत हात घातला, डबा बाजूला केला आणि मला बाहेर काढलं.

आता माझं पाप ऐका. ती घाबरली होती, तिचे ओठ निळे पडले होते, आणि मी आनंदानं वेडा झालो होतो. सुंठीवाचून खोकला गेला! कुठं आहे तुझी ताई? कुठं आहे तुझा मासा? शेवटी कोण कामाला आलं?

बेबीला आईची जुनी शिकवण आठवत होती: हरवलीस तर असशील तिथून हलायचं नाही. तिनं बाकाशेजारच्या लोखंडी खांबाभोवती मला फिरवलं, माझ्याच कड्यातून मला ओवून आवळलं. मग मोकळं टोक मनगटाला गुंडाळलं आणि एक हात आणि दात वापरून गाठ मारली. दोनदा फिरवून, खालून काढून, शेपूट आत खोचून. हुबेहूब आईची गाठ. पाच महिन्यांनी मी तिच्या मनगटावर होतो. मी असा काही धरून बसलो की हत्ती आला असता तरी सोडलं नसतं.

लोक बघायला लागले. एक बाई आपल्या मुलाला म्हणाली, "तिकडे बघू नकोस, चल." दोन पोरी हसल्या. मी मनात म्हटलं, हसा खुशाल, तुम्हाला काय कळणार!

मग डेपोतला गणवेशवाला माणूस आला. "अहो बाई, हे काय? कुणी बांधलं तुम्हाला?"

बेबी काही बोलेना. तो माणूस मुळात भला असावा, किंवा त्याला दुसरं काम नसावं, पण तो थांबला. तेव्हा बेबी म्हणाली, "मी." आणि मोकळ्या हातानं पाचवं कार्ड उलटं करून त्याच्यापुढं धरलं. मी चपापलो. मी असताना कार्ड कशाला? पण तिनं दोन्ही केलं होतं. आईचंही ऐकलं, ताईचंही ऐकलं. त्या माणसानं फोन लावला, पाणी आणून दिलं आणि शेजारी उभा राहिला.

अर्ध्या तासानं फाटकापाशी टॅक्सी थांबली. आई आणि ताई उतरल्या. टॅक्सीत भांडण झालं असणार, कारण आईचा आवाज तिच्याआधी आत आला. "पुरे झाले तुमचे प्रयोग! उद्यापासून ती घरी. माझी मुलगी आहे, खेळणं नाही!"

हेच तर मला हवं होतं! मी ताठ झालो. या, या आई, बघा मी हिला कसं सांभाळलंय!

आई दहा पावलांवर आली आणि जागीच थांबली.

तिनं बेबीकडे पाहिलं. खांबाकडे पाहिलं. बघणाऱ्या लोकांकडे पाहिलं. आणि त्या गणवेशवाल्याच्या अंगावर ओरडली, "कुणी बांधलं हो हिला? माणूस आहे ना ती? गुरासारखी खांबाला बांधून ठेवलीत?"

"मी नाही हो बाई. त्यांनी स्वतःच बांधलंय."

आई पुढं आली. तिला मी दिसलो. माझं कडं, तिच्याच हातची शिवण, बावीस वर्षांपूर्वीचा पांढरा दोरा. आजवर ती कायम माझ्या दुसऱ्या टोकाला असायची. तिथून बेबीचा हात दिसतो, रस्ता दिसतो, गाड्या दिसतात. लांबून हे कसं दिसतं, ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी माझ्या त्या टोकाला खांब होता आणि आई बाहेर उभी होती.

ती मटकन खाली बसली. "मी हिला अशी नेत होते?" तिनं कुणाला विचारलं, कोण जाणे. ताईनं तिथं तरी बोलायचं, माझी बाजू घ्यायची नाही तर माझ्यावर तुटून पडायचं. पण ती दोन पावलं मागंच उभी राहिली.

आई गाठ सोडवायला लागली. मोडलेल्या हाताची बोटं अजून नीट वळत नव्हती. ओढते, नखानं उचकटते, गाठ हलेना. मीही सोडत नव्हतो. तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडलं, मी आणखी आवळलो.

"थांब," बेबी म्हणाली. तिनं खोचलेलं शेपूट नखानं बाहेर काढलं, एक हिसडा दिला आणि मी सळकन सुटलो. डोळ्याचं पातं लवायच्या आत.

आई बघतच राहिली. "तुला सोडता येते ही गाठ?"

"हो."

"कधीपासून?"

बेबीनं विचार केला. आईनं तोंड उघडलं, मग मिटलं. पहिल्यांदाच थांबली. दहा आकडे, पंधरा आकडे.

"शाळेपासून," बेबी म्हणाली.

"मग सोडली का नाहीस गं कधी?"

"तू घाबरतेस ना."

एवढंच. डेपोत बस येत होत्या, जात होत्या. मी खांबापासून खाली लोंबत होतो. बावीस वर्षं मी छाती फुगवून फिरत होतो, की मी या पोरीला धरून ठेवलंय. आणि ती? ती रोज, समजून उमजून, मला मनगटावर राहू देत होती, आईसाठी. मला उभ्या जन्मात एवढी लाज वाटली नव्हती.

मग ताई पुढं झाली. "काकू, चूक तिची नाही. माझी आहे. तिला आवडला म्हणून मी मासा घेतला. भिंत रंगवली जाते, हे मला सुचायला हवं होतं. दुसरी खूण घ्यायला हवी होती, जी कुणी पुसणार नाही. पूल घ्यायला हवा होता."

बावीस वर्षांत या घरात "चूक माझी" असं मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. माझ्या तर नाहीच.

आईनं डोळे पुसले. "किती वाजले?"

"साडेदहा."

"कामाला जायचं," बेबी म्हणाली. "टॉवेल आहेत."

मी खांबावरून आईकडे बघत होतो. आता म्हणेल, काही नको, घरी चल. म्हणेल आणि माझं कडं हातात घालेल. आईनं मला खांबावरून काढलं खरं. हातात धरलं, माझ्या मऊ झालेल्या टोकावरून अंगठा फिरवला. मग मला गोळा करून स्वतःच्या खिशात टाकलं.

"चल," ती बेबीला म्हणाली. "तू पुढं हो. आम्ही मागं."

"दोन पावलं," बेबीनं बजावलं.

"बरं बाई, दोन पावलं."

परतीच्या बसमध्ये बेबी पुढच्या सीटवर, आई मागच्या. लांबून पांढरी भिंत दिसली, बेबीनं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ताईनं आधीच तिच्या कानात काहीतरी सांगितलं होतं. भिंतीपलीकडे पूल दिसला आणि बेबीनं घंटा दाबली. मुकादमबाईंनी उशिराबद्दल तोंडाचा पट्टा सोडला, आईनं तो मुकाट ऐकून घेतला. मग मुकादमबाई म्हणाल्या, "डेपोतून परत आली ना? मग काय! बाकीच्या असत्या तर घरी जाऊन झोपल्या असत्या. हात धू आणि लाग कामाला."

नऊ दिवसांनी जागा बेबीची झाली. माशाच्या कार्डाच्या जागी पुलाचं कार्ड आलं. माशाचं कार्ड बेबीनं टाकलं नाही, आरशाला लावलंय. मला अजून बघवत नाही ते.

ताई आता रोज येत नाही. आधी आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून. मागच्या खेपेला ती उठायला रेंगाळली, तर बेबी म्हणाली, "ताई, तू जा. मला उद्या काम आहे." मला वाटलं, बरी जिरली! पण ताई दारातून जिना उतरेपर्यंत हसत होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या बाईला हेच तर ऐकायचं होतं. तिचं कामच असलं, की हळूहळू स्वतःची गरज संपवायची. आणि मग दुसऱ्या घरी जायचं, दुसऱ्या बेबीसमोर खाली बसायचं आणि दहा आकडे मोजायचे. असलं काम मला जन्मात जमलं नसतं. तिच्यावर मी अजूनही जळतो. पण आता जळतो ते वेगळ्या कारणानं.

आईनं मला टाकलं नाही. पडद्याला बांधलं. या खिडकीतून थांबा दिसतो. रोज आठला आई इथं उभी राहते, मी पडदा धरून ठेवतो. बेबी खालच्या दारातून बाहेर पडते, कार्डं खुळखुळत. आई नकळत माझं टोक हातात घेते आणि अंगठ्यानं चोळत राहते, बेबीसारखंच. कधी बेबी कोपऱ्यावर वळून हात हलवते. आई म्हणते, मला केला. मी म्हणतो, मला केला. भांडण मिटत नाही.

तुमच्या घरात माझी एखादी भावंडं असतील. कापडाचीच असतील असं नाही. कुणाला कडी असते, कुणाला कुलूप, कुणाला नुसतं "तुला नाही जमायचं" हे वाक्य. पोर लहान आहे तोवर खुशाल बांधा, रस्त्यावर गाड्या खऱ्या असतात. पण एखाद्या दिवशी त्या माणसासमोर खाली बसा आणि विचारा, तुला ही गाठ सोडता येते का? आणि विचारल्यावर थांबा. दहापर्यंत मोजा. अकरा लागले तर अकरा.

बरं, पुरे आता. सव्वाआठ होत आले, बस येईल, आणि मला पडदा नीट धरायचाय.